जामखेड : साक्ष आणि मोजदाद

डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांचा ‘जामखेड’ हा इंग्रजी ग्रंथ १९९४ साली मॅकमिलनने प्रसिद्ध केला. आपल्या व्यासपीठांवरून तो करुणेची यशोगाथा म्हणून आदराने सांगितला जातो. हा आदर योग्यच आहे. परंतु ग्रंथाचे मर्म करुणेच्या पलीकडे आहे, आणि त्याची उणीवही तेथेच शोधावी लागते.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले हे दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत होते. बरा करून घरी पाठविलेला रुग्ण तोच आजार घेऊन परत येतो, आणि बहुतेक आजार मुळात टाळता येण्याजोगे असतात, हे त्यांना तेथे उमगले. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

ग्रंथातील सर्वांत बोधप्रद भाग एका अपयशाचा आहे. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात ठेवावयाची, ही पहिली योजना फसली. बाहेरून आलेल्या एकट्या तरुणीला गावात राहणे अवघड होते, आणि गावालाही ती परकी वाटे. तेव्हा गावातीलच स्त्रियांना हे ज्ञान द्यावे, असे ठरले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. प्रशिक्षणासाठी जामखेडला आल्या की त्या एकत्र राहात व एका पंगतीत जेवीत. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हता, त्यांच्या हाती गावाने आपली बाळंतीण सोपविली. हातपंपांच्या जागा ठरतानाही दलितवस्तीचा विचार आधी व्हावा, याची दक्षता घेतली गेली. पाण्यासाठी सवर्णांना त्या वस्तीत यावे लागले. येथे आरोग्याचा प्रश्न आणि अस्पृश्यतेचा प्रश्न एकच ठरतो.

दान देणारा आपल्या जागी राहूनही देऊ शकतो. अधिकार देणाऱ्याला मात्र आपली जागा सोडावी लागते. जामखेडच्या डॉक्टरांनी औषधाबरोबर डॉक्टरकीचा काही अंशही देऊन टाकला. ख्रिस्ताच्या रिक्तीकरणावर वर्गात व्याख्याने देणाऱ्या आपणांस त्याचे असे व्यावहारिक भाष्य अन्यत्र सहसा सापडणार नाही.

आता उणीव. ग्रंथाची घडण साक्षीची आहे. भीतीने दबलेली स्त्री, मग प्रशिक्षण, मग धीटपणा, मग बदललेले गाव, हा क्रम वारंवार येतो. प्रार्थनासभांतील साक्षी ऐकणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. जे मध्येच सोडून गेले, जी गावे बदलली नाहीत, त्यांना तुलनेने कमी जागा मिळते. शिवाय या स्त्रियांचे अनुभव आपल्यापर्यंत पोहोचतात ते डॉक्टरांच्या लेखणीतून. आवाज देण्याचे ज्या प्रकल्पाचे ब्रीद, त्याच्या ग्रंथात हा अंतराय राहावा, ही खटकणारी गोष्ट आहे.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. प्रकल्पाने दिलेल्या आकड्यांनुसार १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९७६ साली हे प्रमाण ५२ वर आले. आकडे थक्क करणारे आहेत. पण त्या काळात प्रकल्पाबाहेरच्या गावांतही परिस्थिती पालटत होती. शेजारच्या गावांत काय घडले हे पाहिल्यावाचून, घटीतील किती वाटा प्रकल्पाचा आणि किती काळाचा, हे सांगता येत नाही. अशी तुलना पुढे झाली, आणि ती २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १९९२ नंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूचा धोका, इतर कारणांचा हिशेब केल्यावर, प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्के कमी आढळला. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात हा फरक कमी होता, नंतरच्या वयात अधिक. ग्रंथातील घटीपुढे हा आकडा लहान दिसेल. दोन्ही मोजमापे वेगवेगळी आहेत, हेही ध्यानी घ्यावे. परंतु तुलनेवर टिकलेला असल्याने तो अधिक विश्वासार्ह आहे. साक्षीला मोजदादीचे भय वाटू नये. खरी साक्ष त्यातून निघून अधिक भक्कम होते.

याचा आपणाशी संबंध काय? बेळगावच्या सीमाभागात असो वा इंदूर-ग्वाल्हेरकडे, आपल्या धर्मग्रामांत वैद्यकीय शिबिरे भरतात. अहवालात तपासलेल्या रुग्णांची संख्या आणि वाटलेल्या औषधांची किंमत येते. गावात त्या वर्षी किती बालके जन्मली, किती गेली, कोणत्या वस्तीत गेली, हे सहसा येत नाही. पहिल्या प्रकारची मोजणी आपल्या कार्याची असते, दुसरी लोकांच्या जीवनाची. जामखेडचे अनुकरण म्हणजे आणखी एक शिबिर नव्हे.

लूककृत शुभवर्तमानातील मेंढपाळाला शंभरांतील एक मेंढरू हरवल्याचे कळते, कारण त्याने कळप मोजलेला असतो. मोजणे हेही मेंढपाळाचेच कर्तव्य आहे. बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदवह्या आपल्या कपाटांत आहेत; मृताचे नाव आणि वय त्यांत लिहिलेले असते. धर्मगुरू आणि धर्मशिक्षक यांनी गेल्या दहा वर्षांची दफनाची नोंदवही एकत्र बसून वाचावी, पाच वर्षांखालील नावे वेगळी काढावीत आणि ती घरे कोणत्या वस्तीत आहेत ते पाहावे. ती वही केवळ आपल्या लोकांची असते, संपूर्ण गावाची नव्हे, हे विसरू नये. मात्र पुढचा प्रश्न कोणाच्या दारात जाऊन विचारायचा, ते तिच्यातून कळेल. आणि तो विचारायला त्या वस्तीतीलच एखादी स्त्री आपल्यापेक्षा अधिक योग्य असेल.