अणुचाचणी बंदीची पडताळणी आणि किरणोत्सारी वायूंचा माग : एक चिकित्सा

सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराच्या (1996) पडताळणीची भिस्त केवळ भूकंपमापनावर ठेवता येत नाही. भारताने 13 मे 1998 रोजी पोखरण येथे केल्याचे जाहीर केलेल्या, एक किलोटनाहून कमी क्षमतेच्या स्फोटांची नोंद आंतरराष्ट्रीय भूकंपमापन जाळ्यात झाली नाही. म्हणूनच हवेतील झेनॉन-133 टिपणारी केंद्रे आणि वाऱ्यांचा उलटा प्रवास मांडून उगमाचा माग काढणारी संगणकप्रणाली महत्त्वाची ठरते.

तथापि तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. उत्तर कोरियाच्या 2006 च्या स्फोटातील झेनॉन कॅनडातील यलोनाइफ येथे आढळला. 2009 च्या स्फोटानंतर मात्र तो कोठेच सापडला नाही. म्हणजे वायूचा अभाव हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. त्याचे अस्तित्वही दोष सिद्ध करीत नाही, कारण वैद्यकीय समस्थानिकांच्या निर्मितीतूनही झेनॉन बाहेर पडतो. प्रणाली संभाव्य उगमक्षेत्र दाखविते. निवाडा सदस्य राष्ट्रेच करतात.

भारताने करारावर स्वाक्षरी केलेली नाही. त्यामुळे तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या संस्थांना ही माहिती हक्काने मिळत नाही. सारांश, स्वाक्षरी नाकारण्याची ही वैज्ञानिक किंमतही धोरणचर्चेत मोजली जाणे आवश्यक आहे.