हसू नका, टाके दुखतील

आजारपणाच्या लेखनाबद्दल बोलायचं तर व्हर्जिनिया वुल्फला वगळून जाता येत नाही. १९२६ साली तिचा 'ऑन बीइंग इल' नावाचा निबंध प्रसिद्ध झाला. तिची तक्रार थोडक्यात अशी : प्रेमात पडलेल्या मुलीच्या मदतीला शेक्सपिअर येतो, पण डोकं दुखणाऱ्या माणसाने डॉक्टरला ते दुखणं सांगायला घेतलं की इंग्रजी भाषा हात वर करते.

मला वाटतं, बाई मराठी असती तर ही तक्रार तिने केली नसती. आपल्याकडे दाढ ठणकते, गळू ठसठसतं, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, पायात चमक निघते, खरचटलेलं चुरचुरतं आणि डोकं भणभणतं. १९७५ साली रोनाल्ड मेलझॅकने वेदनेचं स्वरूप नोंदवण्यासाठी ७८ इंग्रजी शब्दांची प्रश्नावली छापली. माझ्या आजीने नारायण पेठेतल्या गॅलरीत बसून, वाती वळता वळता, तेवढे शब्द मराठीत काढून दिले असते.

मग मराठीत अडतं कुठे? शब्दांनंतर जी गोष्ट सांगायची असते, तिच्यात. गेल्या वर्षी हे मला फार जवळून बघायला मिळालं.

वय अठ्ठावीस, नोकरी सॉफ्टवेअरची, आजार कियारी मालफॉर्मेशन. कवटीच्या तळाला एक मोठं भोक असतं, त्यातून मेंदूचा देठ खाली उतरतो आणि पुढे मज्जारज्जू होतो. कियारीच्या पहिल्या प्रकारात लहान मेंदूची खालची टोकं त्या भोकातून खाली सरकलेली असतात. साधारण ५ मिलिमीटर किंवा जास्त सरकली की रिपोर्टात हे नाव येतं. माझी ९ होती. मेंदूभोवतीच्या पाण्याची ये-जा तिथे अडते, आणि कधीकधी मज्जारज्जूच्या आतच पाण्याची पोकळी तयार होते. माझ्यात ती व्हायला लागली होती. त्या टोकांना डॉक्टरही टॉन्सिलच म्हणतात, त्यामुळे शेजारच्या काकूंनी आईला धीर दिला, "अहो, टॉन्सिल तर आमच्या बंड्याचेही काढले. दुसऱ्या दिवशी आइस्क्रीम खात होता."

या आजाराची ओळखीची खूण म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूने उठणारी कळ. खोकलं, शिंकलं, जोर लावला की ती येते. आणि हसलं की येते.

हे शेवटचं वाक्य समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे, कारण मराठी माणसाला आजारी माणूस हसरा लागतो. पद्मजा फाटक यांनी आपल्या मूत्रपिंड प्रत्यारोपणावर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव 'हसरी किडनी', आणि त्याला जोडून 'अर्थात अठरा अक्षौहिणी'. एकाच मुखपृष्ठावर हसू आणि कुरुक्षेत्रावरचं सगळं सैन्य. माझी तक्रार त्या पुस्तकाबद्दल नाही. स्वतःच्या अवयवाला असं नाव द्यायला जिगर लागते, आणि तो त्या लेखिकेने कमावलेला सूर आहे. तक्रार आहे ती पुढे त्या दोन सुरांचा साचा झाला त्याबद्दल. दिवाळी अंक उघडा, रविवारची पुरवणी उघडा. 'मृत्यूशी झुंज', 'कर्करोगावर मात', 'हसत हसत सामोरं'. पहिल्या परिच्छेदात निदान, मधे देवासारखे डॉक्टर, शेवटी पुन्हा पर्वती चढणं. या गोष्टीत चिडचिड्या, घाबरलेल्या, अर्धवट बऱ्या झालेल्या माणसाला जागा नसते. ज्याला हसल्यावर कळ येते त्याला तर नाहीच.

ऑपरेशनच्या आधी मी जे वाचत होते त्यात सगळ्यात दमदार लेखन एका मुंबईच्या सर्जनचं होतं. डॉ. अतुल गोयल हे केईएम रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी विभागाचे प्रमुख होते. २०१५ साली 'जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी : स्पाइन'मध्ये त्यांचा ६५ रुग्णांवरचा पेपर आला. त्याचं शीर्षकच एक प्रश्न आहे : मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधली अस्थिरता हेच कियारीचं कारण आहे का? त्यांचं उत्तर 'हो' असं आहे. जगभरात रूढ असलेलं ऑपरेशन म्हणजे डीकम्प्रेशन : कवटीचा मागचा थोडा भाग आणि बहुतेक वेळा पहिल्या मणक्याची मागची कमान काढून जागा मोकळी करायची. गोयल म्हणतात, मूळ दोष खालच्या सांध्यात आहे, तेव्हा तो सांधा स्क्रूने पक्का करा. त्याआधीच्या एका लेखात त्यांनी खाली सरकलेल्या त्या टोकांना निसर्गाची 'एअर-बॅग' म्हटलं होतं.

मी पेशाने बग शोधणारी आहे, त्यामुळे ही उपमा वाचून खुर्चीत सरळ बसले. हान्स कियारीने १८९१ साली प्रागमध्ये शवविच्छेदनांवरून या बदलांचं वर्णन केलं. आज आपण ज्याला 'मालफॉर्मेशन' म्हणतो, त्या शब्दातच निकाल दिलेला आहे : जे खाली आलं ते चुकलेलं आहे. 'एअर-बॅग' म्हटलं की तीच टोकं राखणदार होतात, आणि एअर-बॅग फुगली तर आपण ती कापत नाही, धडक कुठे बसली ते बघतो. साहित्याच्या वर्गात उपमा म्हणजे अलंकार असं शिकवतात. इथे उपमा बदलली की सुरी कुठे चालवायची ते बदलतं. इतकी जबाबदारी वाहणारी प्रतिमा मी अलीकडच्या मराठी कवितेत क्वचितच वाचली आहे.

पण उपमा पटली म्हणजे सिद्धान्त सिद्ध झाला असं नाही. गोयल यांचं मत सर्वमान्य नाही, अनेक न्यूरोसर्जननी त्याला लेखी आक्षेप घेतले आहेत. मी तो पेपर फोनवर माझ्या सर्जनना दाखवला. ते म्हणाले, "वाचलाय मी. तुमच्या सांध्यात मला अस्थिरता दिसत नाही. तुमचं डीकम्प्रेशनच करावं असं माझं मत आहे. दुसऱ्या कुणाला विचारायचं असेल तर जरूर विचारा." चार छोटी वाक्यं, त्यात 'मला' आणि 'माझं मत' होतं. मी त्या वाक्यरचनेवर विश्वास ठेवला. त्याच संध्याकाळी हाती आलेल्या छापील संमतीपत्रात मात्र 'मला समजेल अशा भाषेत सर्व समजावून सांगण्यात आले आहे' असं वाक्य होतं. कोणी सांगितलं ते त्यात नव्हतं. कर्ता गायब, आणि खाली सही माझी.

ऑपरेशननंतरचा मजकूर म्हणजे डिस्चार्ज समरी. हा आपल्या काळातला सर्वाधिक छापला जाणारा आणि सर्वात कमी समीक्षा झालेला गद्यप्रकार असावा. त्यात लिहिलं होतं की रुग्णाने शस्त्रक्रिया चांगली सहन केली. मी भुलीखाली होते, सहन करायला मी तिथे नव्हतेच. सहन करणं सुरू झालं ते जाग आल्यावर, आणि त्या दिवसांसाठी समरीत एकच शब्द होता : 'अनइव्हेंटफुल'. अकरा दिवस मला मान वळवता येत नव्हती. आईला हाक मारायची तर अख्खं धड वळवावं लागे. आई अंघोळ घालायची आणि मी तिच्यावर ओरडायचे. ऑगस्ट होता, नदीपात्रात ढोल पथकांचा सराव चालू होता, आणि प्रत्येक ठोका आधी टाक्यांना कळायचा, मग कानाला. डॉक्टरांच्या दृष्टीने तो शब्द बरोबर आहे : पाणी गळलं नाही, ताप आला नाही, जखम चिघळली नाही. ती चांगली बातमी आहे आणि मला ती हवीच होती. पण केसरीवाड्यावरून घरी परतलेल्या रिक्षातला प्रत्येक स्पीडब्रेकर मला आठवतो.

म्हणजे माझ्यापुढे दोन मजकूर होते. एकात काहीच घडलं नाही, दुसऱ्यात महायुद्ध झालं. मला हवा होता तिसरा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघते तेव्हा सोबत एक टिपण असतं : काय दुरुस्त झालं, काय बदललं, आणि 'माहीत असलेले दोष' कोणते. ते शेवटचं कलम लिहायला कुणाला लाज वाटत नाही. मराठी आजारकथेत नेमकं तेच गाळलं जातं, कारण ते लिहिलं तर शेवटी पर्वती चढता येत नाही.

हे कलम साहित्य होऊ शकतं का? मला वाटतं, होऊ शकतं. त्याला वेगळा काळ लागेल. विजयाची गोष्ट भूतकाळात सांगतात, हे रीतिवर्तमानात सांगावं लागेल : अजून दुखतं, सकाळी कमी, पावसात जास्त. त्याला आजीचे सगळे शब्द लागतील, आणि ते अचूक वापरावे लागतील. कळ आणि ठणका यांत फरक केला नाही तर सर्जनला एक गोष्ट कळेल आणि वाचकाला दुसरी. आणि ओरडा खाणारी आई त्यात असावी लागेल, 'आईच्या भक्कम आधाराने' या तीन शब्दांत न गुंडाळता.

आठ महिन्यांनंतरचं माझं टिपण असं आहे. दुरुस्त : खोकल्यावरची कळ गेली, नव्या एमआरआयमध्ये पोकळी लहान झाली आहे. बदललं : उठताना आधी कुशीवर वळते, मग हाताच्या जोरावर बसते. शिंक तोंड उघडं ठेवून देते. लॅपटॉप चार जाड शब्दकोशांवर ठेवलेला आहे, शब्दकोशांचा असाही उपयोग. माहीत असलेले दोष : डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना अजून मुंग्या येतात, त्यामुळे टाइप करताना 'अ' हुकतो. मोठ्याने हसलं की मागचा व्रण ओढल्यासारखा होतो. त्याला ठणका म्हणता येणार नाही, कळही नाही. शब्द आजीला विचारला. ती म्हणाली, "ओढ म्हण की. ताणतंय ना? मग ओढच."