विज्ञानपट शब्दशः पाहताना



संयोजकांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही 'विज्ञानपट आणि समीक्षा' असं काहीतरी मोघम कळवून टाकलं होतं. त्यानंतर एक रविवार असा गेला की तो विषय ठरल्याप्रमाणे मांडणं आम्हाला जमेना. म्हणून आज त्या एका रविवाराबद्दलच बोलतो. समीक्षा त्यातूनच निघेल.

त्या दिवशी आम्ही आणि आमचा एक जुना मित्र पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या छोट्या सभागृहात सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बसून होतो. सहा विज्ञानपट, मध्ये जेवण, दोनदा चहा. अमेरिकेत बॉस्टनला अशी चोवीस तासांची मॅरेथॉन १९७६ पासून होत आली आहे. त्या मानाने आमची अर्धीच. पण साठी ओलांडलेल्या कमरेला तेवढी पुरे.

आता मित्राविषयी दोन शब्द, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याचं सगळं आयुष्य पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत क्वालिटीत गेलं. नमुना समोर ठेवायचा, आलेला माल मोजायचा, बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. सिनेमालाही तो वही घेऊन आला होता. डावीकडच्या पानावर 'खरं ठरलं', उजवीकडच्या पानावर 'चूक'. आम्ही हसलो. पण खरं सांगायचं तर आमच्याही डोक्यात एक वही होतीच, आणि तिच्यात एकच रकाना होता: 'याचा अर्थ काय?'

विज्ञानपटाकडे बघण्याच्या या दोन सवयी आहेत. एक विचारते, यातलं विज्ञान बरोबर आहे का, भाकीत खरं ठरलं का. दुसरी म्हणते, विज्ञान राहू द्या, हे कशाचं रूपक आहे ते सांगा. मराठीत विज्ञानकथेची चर्चा होते तेव्हाही फिरून फिरून आपण याच दोन ठिकाणी येतो. आमचं आजचं म्हणणं असं की या दोन्ही सवयींनी आपण चित्रपटाने विचारलेला प्रश्न टाळतो. हे आम्हाला समीक्षेच्या पुस्तकातून कळलं नाही. क्वालिटीतल्या माणसाकडून कळलं.

सकाळ दोघांच्याही सवयींना मानवणारी होती. पहिला मेलिएसचा १९०२चा 'अ ट्रिप टू द मून', जेमतेम पाव तासाचा. तोफेतून गोळा उडतो, चंद्राच्या डोळ्यात रुततो, आणि पाहुणे प्रोफेसर छत्रीच्या एका फटक्यात चंद्रवासीयांचा धूर करतात. मित्राने लिहिलं, 'तोफेतून माणसं उडवली तर चेंदामेंदा.' आम्ही कानात सांगितलं, 'वसाहतवाद.' दोघंही खूश.

मग होंडा यांचा 'गोजिरा', १९५४चा मूळ जपानी. त्याच वर्षीच्या १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, आणि 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवरचे २३ जण किरणोत्सारी राखेत सापडले. चित्रपट नोव्हेंबरात आला आणि त्याची सुरुवातच समुद्रात एक जहाज लखलखाटात नाहीसं होण्यापासून होते. इथे रूपक शोधावं लागत नाही, ते समोर उभं असतं. तरी आमच्या लक्षात राहिली ती गोजिराची शेपटी नव्हे. इस्पितळात जखमींच्या रांगेत एका लहान मुलाजवळ गायगर काउंटर धरतात, तो कडकडतो, आणि डॉक्टर मान हलवतो. ते मूल कशाचंही प्रतीक नाही. तेव्हा ही गोष्ट आम्ही नुसती नोंदवून ठेवली.

तिसरा, डॉन सीगल यांचा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स', १९५६. कॅलिफोर्नियातल्या सँटा मीरा नावाच्या कल्पित गावात अवकाशातून आलेल्या शेंगांमधून माणसांच्या हुबेहूब प्रती तयार होतात आणि झोपलेल्या माणसाची जागा घेतात. यावर समीक्षकांचं भांडण जुनं आहे. कोणी म्हणतं ही कम्युनिस्टांची भीती, कोणी म्हणतं ही कम्युनिस्ट शोधत फिरणाऱ्या मॅकार्थीची भीती. आम्ही जेवणाच्या रांगेत दोन्ही बाजू मित्राला ऐकवल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्या बाईचं काय? काकावाल्या?"

चित्रपटाच्या सुरुवातीला विल्मा नावाची एक बाई डॉक्टरला सांगते की आपले आयरा काका आता आयरा काका नाहीत. दिसतात तसेच, बोलतात तसेच, तिच्या लहानपणच्या सगळ्या गोष्टी त्यांना आठवतात. फक्त तिच्याकडे बघताना डोळ्यांत जे असायचं ते नाही. डॉक्टर तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. मित्र म्हणाला, "मोजमापात सगळं बसतंय आणि तरी ती रिजेक्ट करते. कशावर?"

आम्ही म्हणालो, "अरे, ते रूपक आहे." तो म्हणाला, "असेल. पण ती बाई रूपक म्हणून तक्रार करत नाहीये."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. हे सांगायला त्याची परवानगी घेतली आहे. त्याच्या आईला चार-पाच वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. ती त्याला अण्णा म्हणते. अण्णा म्हणजे तिचे थोरले भाऊ; त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. त्या रविवारी बहीण आईजवळ थांबली होती म्हणून तो येऊ शकला. दर मध्यंतरात तो बाहेर जाऊन फोन करायचा आणि परत येऊन मुकाट्याने बसायचा.

दुपारी '२००१: अ स्पेस ओडिसी', क्युब्रिक, १९६८. इथे डावीकडचं पान भराभर भरलं. अंतराळात आवाज नाही, बरोबर. यानाच्या आतल्या फिरत्या भागासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचं खरोखर फिरणारं चक्र बांधलं होतं हे आम्ही सांगितलं, तेव्हा त्याने खाली रेघ ओढली. मग हॅलचा प्रवेश आला. हॅल हा यान चालवणारा संगणक. त्याने माणसं मारली आहेत, म्हणून बोमन त्याच्या स्मृतिकक्षात शिरतो आणि एकेक कप्पा किल्लीने सैल करून बाहेर काढतो. हेल्मेटमधला श्वास तेवढा ऐकू येतो. हॅल आधी समजूत घालतो, मग भीती वाटते म्हणतो, मग त्याचं बोलणं मागे मागे जातं. आपण केव्हा आणि कुठे सुरू झालो ते सांगतो, आणि शिकवणाऱ्याने पहिल्यांदा शिकवलेलं गाणं म्हणू लागतो. आवाज जड होत होत थांबतो.

ते गाणं 'डेझी बेल'. १९६१मध्ये बेल लॅब्जमधल्या संगणकाकडून हेच गाणं म्हणवून घेतलं होतं. आम्हाला वाटलं, ही माहिती मित्राला आवडेल. पण त्याची वही मिटलेली होती. चहाच्या वेळी म्हणाला, "आईला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही. पाढे मात्र तिसापर्यंत. पावकी, निमकीसुद्धा. शेवटचं आलेलं आधी जातं, पहिलं आलेलं शेवटपर्यंत राहतं. हे या लोकांनी बरोबर दाखवलंय." आणि मग, "पण हे मी कुठल्या पानावर लिहू?"

साडेचारला क्रिस मार्करचा 'ला जेते', १९६२, २८ मिनिटांचा. जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांचा. फक्त एकदा, झोपेतून जागी झालेली स्त्री डोळे उघडते तेवढाच क्षण हलतो. लहानपणी पाहिलेला एक चेहरा मनात घट्ट असल्यामुळे एका माणसाला भूतकाळात पाठवता येतं, अशी गोष्ट. यावर आम्ही दोघं काहीच बोललो नाही. सभागृहातही कोणी बोललं नाही.

आणि शेवटी तारकोव्हस्कीचा 'सोलारिस', १९७२. सोलारिस नावाच्या ग्रहावर एक विचार करणारा समुद्र आहे. त्यावरच्या अंतराळ स्थानकात क्रिस केल्विन हा मानसशास्त्रज्ञ पोचतो, आणि दहा वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली त्याची बायको हारी सकाळी त्याच्या खोलीत बसलेली असते. समुद्राने ती त्याच्या आठवणीतून घडवली आहे. पहिल्यांदा तो तिला फसवून रॉकेटमधून घालवून देतो. ती परत येते. तिला आपण कोण ते धड माहीत नाही, स्वतःच्या आठवणी नाहीत. पण तो दाराआड गेला तर ती धातूचं दार फाडून, रक्तबंबाळ होऊन त्याच्यापाशी येते.

यावर आमचं मत तयार होतं, बरीच वर्षं. हारी म्हणजे केल्विनचा अपराधभाव. समुद्र म्हणजे सदसद्विवेकबुद्धी. असं आम्ही लिहिलंही आहे, आणि ते वाचायला छान वाटतं. मूळ कादंबरीकार स्तानिस्वाव लेम यांची तक्रार प्रसिद्ध आहे की तारकोव्हस्कीने 'सोलारिस' न करता 'क्राइम अँड पनिशमेंट' केला. आम्ही ती तक्रार कौतुक म्हणून वापरत आलो.

मित्राने या चित्रपटात एकच नोंद केली. ती त्याने नंतर दाखवली: 'झगा. नाडी आहे, उघडायला जागा नाही.' हारीचा झगा काढायचा तर केल्विनला कात्रीने कापावा लागतो, कारण पाठीवर नाडी दिसते, पण खाली कापड सलग आहे. आम्ही हे दृश्य तीन-चार वेळा पाहिलं असेल. 'विलक्षण प्रतिमा' म्हणून पुढे गेलो होतो. मित्र म्हणाला, "माल नमुन्याबरहुकूम आहे. पण नमुना आठवणीतला होता. नाडी त्याला आठवत होती, ती सुटते कशी हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. समुद्राने चूक केली नाही. ड्रॉइंगच अपुरं होतं."

श्रोतेहो, हे वाक्य आमच्या सगळ्या लेखापेक्षा जास्त सांगतं. हारी जिवंत असताना केल्विनने तिच्याकडे किती कमी लक्ष दिलं, हे त्या न उघडणाऱ्या झग्यात आहे. आणि हे कळायला झगा झगाच मानावा लागतो. समुद्राने तो खरोखर बनवला, असं धरून चालावं लागतं. 'हे अपराधभावाचं प्रतीक' म्हटलं की झगा नाहीसा होतो, आणि त्याबरोबर ती बाईही.

पुढे वाचनालयातल्या प्रवेशात सार्टोरियस हा शास्त्रज्ञ हारीला तोंडावर सांगतो की तू माणूस नाहीस, नुसती नक्कल आहेस. ती रडत रडत म्हणते की मी माणूस होत चालले आहे. रूपक वाचणारा समीक्षक इथे नकळत सार्टोरियसच्या बाजूला जाऊन बसतो. तोही हेच म्हणत असतो की ही बाई खरी नव्हे, हिचा अर्थ वेगळा. आम्ही इतकी वर्षं तिथे बसलो होतो.

बाहेर पडल्यावर रिक्षाची वाट बघताना मित्र म्हणाला, "सकाळचा तो काका. त्याला सगळं आठवतं, पण माणूस गेलेला. हिला काही आठवत नाही, पण माणूस आहे. आईचं मी रोज मोजतो. आज मला ओळखलं, आज नाही. चुकीचंच गेज लावतोय." थोड्या वेळाने म्हणाला, "ती खरी का खोटी हा त्याच्यापुढचा प्रश्नच नव्हता रे. समोर आहे, तिला तहान लागली आहे, पाणी द्यायचं."

आता यावर आक्षेप येईल, आणि तो यायला हवा. पहिला असा की हा स्मरणाचा धागा चित्रपटांत नव्हताच, घरच्या दुःखामुळे तुम्ही तो ओवलात. हे अर्धं मान्य आहे. संयोजकांनी हे सहा चित्रपट याच हेतूने निवडले असतील असं आम्हालाही वाटत नाही. पण आयरा काकांचे डोळे, हॅलचं गाणं आणि हारीचा झगा आम्ही पदरचे घातलेले नाहीत. सकाळी पाहिलेलं दृश्य संध्याकाळपर्यंत मनात ताजं राहतं, आणि ती दृश्यं एकमेकांना उत्तर देऊ लागतात. मॅरेथॉनचा खरा फायदा असलाच तर हा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. रूपक सोडलं तर 'गोजिरा'मध्ये काय उरतं? १९५४चा संदर्भ काढला तर रबरी पोशाखातला माणूस आणि पुठ्ठ्याचं शहर. हे खरं आहे, आणि म्हणून रूपक टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं क्रमाविषयी आहे. आधी ते मूल आणि तो कडकडणारा काउंटर, मग बिकिनी. आधी पडद्यावरचं जे आहे ते तसंच खरं धरायचं, आणि ते खरं असेल तर आपण काय करू हे विचारायचं. अर्थ लावायला नंतर रात्रभर वेळ असतो. उलट क्रमाने गेलं तर अर्थ हातात राहतो आणि प्रश्न हातातून सुटतो. भाकितांची यादी करणाऱ्याचंही तेच होतं.

वास्तववादी चित्रपट हा प्रश्न आपल्याला इतक्या उघडपणे विचारू शकत नाही. तिथे मेलेली बायको परत येत नाही. आली तर ते स्वप्न असतं आणि आपण सुटतो. विज्ञानपट ती पळवाट बंद करतो. समुद्र आहे, त्याने ती बनवली आहे, दार फाडून ती आत आली आहे. आता बोला. विज्ञानाचं काम इथे भाकीत करणं हे नसून 'हे खरंच घडलंय' असं आपल्याला मानायला लावणं, हे आहे. म्हणून विज्ञान बरोबर आहे का, या मित्राच्या प्रश्नालाही मान आहे. फक्त तो शेवटचा प्रश्न नव्हे.

'सोलारिस'वरचा आमचा जुना लेख आम्ही परत काढला आहे. त्यात झग्याचा उल्लेख नाही. तो आता नव्याने लिहायचा आहे.

मित्र आज येणार होता, पण बहिणीला जमलं नाही, म्हणून तो घरी आहे. परवा फोनवर त्याला विचारलं, वही कुठवर आली? म्हणाला, वही आता आईजवळ आहे. ती त्यात पाढे लिहिते, आणि चुकलं तर तो खूण करत नाही.