परक्याच्या निवाड्यासाठी दिलेला वेळ

रेजिनाल्ड रोझ यांची ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ ही कृती १९५४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी लिहिली गेली व १९५७ च्या सिडनी ल्यूमेट यांच्या चित्रपटामुळे सर्वत्र पोचली. पूर्वग्रहावर विवेकाचा विजय हा तिचा आशय मानला जातो. हे मत चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. नागरिकाचा वेळ हाच या कृतीचा खरा विषय होय, असे येथे सुचवावयाचे आहे.

बारा अपरिचित माणसे उकाड्याच्या दिवशी एका खोलीत कोंडलेली आहेत. त्यांतील एकाजवळ बेसबॉलच्या सामन्याची तिकिटे आहेत. आरोपी मुलगा सुटो वा मरो, सामना चुकू नये एवढीच त्याची विवंचना. अखेर तो केवळ कंटाळून मत फिरवितो. त्यास जाब विचारणारा ज्यूरीचा सभासद परदेशातून आलेला घड्याळजी आहे, ही योजना अर्थपूर्ण आहे. कंटाळ्यापोटी दिलेले मत योग्य बाजूस पडले तरी तो निवाडा नव्हे, हा तिचा इत्यर्थ.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात नेमकी उलट स्थिती आढळते. रात्रीच्या प्रयोगापूर्वीचा रिकामा वेळ जावा आणि गावच्या सामंताला कोर्टाची रीत कळावी, म्हणून नाटकमंडळी बेणारेबाईंवर लटका खटला भरतात. येथे कोणाचीच गैरसोय नाही. निवाडा हीच करमणूक. सामंत कादंबरीतील मजकूर साक्ष म्हणून सांगतो आणि तोही पुराव्यात जमा होतो. खटला लटका, पण आघात खरा. न्याय करणाऱ्यास जेथे काहीच गमवावे लागत नाही, तेथे निवाडा निर्दय होतो.

वेळ दिला म्हणजे न्याय होतोच, असे मात्र नव्हे. नानावटी खटल्यात १९५९ मध्ये मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, आणि १९६० मध्ये तेथे आरोपी दोषी ठरला. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीस स्थानच उरले नाही.

तथापि नागरिकाचे कर्तव्य संपलेले नाही. झडतीच्या वेळी त्याच वस्तीतील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांस पंच म्हणून बोलाविण्याची तरतूद कायद्यात आजही आहे. जळगावच्या मेहरूण भागातील एखाद्या बागायतदारास ऐन बोरांच्या हंगामात असे बोलावणे आले, तर झडतीचा दिवस तर जातोच. पुढे साक्षीसाठी कोर्टाच्या तारखाही असतात. त्याची कुरकुर न्याय्य आहे, आणि त्याच्या वेळेची कदर करणे हे न्यायसंस्थेचे काम आहे. परंतु न पाहताच पंचनाम्यावर सही करून मोकळा होणारा पंच हा सामंताचाच भाऊबंद ठरतो. त्या सहीवर कोणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून असते, हे घड्याळजीस उमगलेले तत्त्व त्याला परके राहता कामा नये.