‘हुकूम’ आणि त्याचें गोत्र

मराठींत रूढ झालेल्या परभाषी शब्दांविषयीं आपल्याकडे वाद पुष्कळ झाला. विचार त्या मानानें थोडा झाला. शब्द ठेवावा कीं टाकावा एवढ्याच प्रश्नावर दोन्ही पक्षांची दृष्टि खिळल्यामुळें, तो येतांना काय घेऊन आला आणि येथें राहून त्यानें काय गमावलें अगर मिळविलें, हें पाहण्याचें काम मागें पडलें. हकीम, हाकीम, हिकमत, हुकमत आणि हुकूम हे पांच शब्द ह्या दृष्टीनें तपासण्यासारखे आहेत.

हे पांचहि शब्द फार्शीच्या द्वारें आपल्याकडे आले असले तरी मूळचे अरबी असून एकाच धातूपासून निघालेले आहेत. अरबी धातु बहुधा तीन व्यंजनांचा असतो. व्यंजनें कायम राहतात, आणि स्वर पालटून किंवा एखादें अक्षर जोडून निरनिराळे शब्द घडतात. येथें तीं व्यंजनें ह्, क् आणि म् हीं होत. पहिल्यापुढें दीर्घ आकार आला कीं कर्ता सिद्ध होतो: हाकिम म्हणजे निवाडा करणारा, अधिकारी. दुसऱ्यापुढें दीर्घ ईकार आला कीं तो गुण ज्याच्या अंगीं मुरला आहे असा पुरुष होतो: हकीम म्हणजे ज्ञानी, आणि ज्ञान्यांत वैद्यहि आला. आरंभीं ‘म’ लागला कीं स्थल दर्शविलें जातें: अरबींत महकमा म्हणजे न्यायकचेरी, उत्तर हिंदुस्थानांत हाच शब्द सरकारी खात्याला लावतात. मराठीनें हाकिमचा उपान्त्य इकार दीर्घ केल्यामुळें अधिकारी आणि वैद्य ह्यांच्यांत एका कान्याचेंच अंतर उरलें. हुकूम ह्याचें मूळ रूप ‘हुक्म’. आपण मध्यें ऊकार घालून तें सैल केलें खरें. परंतु ‘हुकमाचा’, ‘हुकमानें’ असें बोलतांना तो ऊकार गळतो आणि जुनें जोडाक्षर उच्चारांत पुन्हां प्रकट होतें.

ह्या सर्वांच्या मुळाशीं कोणता अर्थ आहे? दहाव्या शतकांतील अरबी कोशकार इब्न फारिस ह्यानें तो ‘अडविणें, आवरणें’ असा दिला आहे. अन्यायाला आवरतो तो हुक्म. अज्ञानाला आवरते ती हिक्मत. आणि जनावराला आवरतो म्हणून लगामाच्या, जबड्याभोंवतीं बसणाऱ्या भागाला ‘हकमा’ म्हणतात. हिब्रू भाषेंत ह्याच धातूचा अर्थ शहाणपणाचा आहे. त्यामुळें लगाम आधीं कीं शहाणपण आधीं, हा प्रश्न एवढ्यानें सुटला असें म्हणतां येत नाहीं. परंतु दोन्ही कल्पना ह्या गोत्रांत शेजारी नांदतात, एवढें निश्चित. आपल्या वाचकांस ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. संस्कृतांतील ‘यम्’ धातूचाहि अर्थ आवरणें हाच. त्यापासून घोडे आवरणारा यंता, मन आवरणारा संयम, वर्तन आवरणारा नियम आणि शेवटीं हातचें साधन जें यंत्र, तेंहि निघालें.

अरबी इतिहासांत हुक्म ह्याचा मुख्य अर्थ निवाडा. इ. स. ६५७ मध्यें सिफ्फीनच्या लढाईनंतर अली आणि मुआविया ह्यांनीं तंटा पंचांवर सोंपविण्याचें मान्य केलें, तेव्हां अलीच्याच सैन्यांतील एक गट ‘हुक्म एका ईश्वराचाच’ अशी घोषणा करून बाहेर पडला. तेथें ‘हुकूम’ म्हणजे आज्ञा असें मराठी वळणानें वाचलें तर वादाचें मर्मच हातचें जातें. माणसाला निवाडा करण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, हा तो वाद होता. तीच गोष्ट हिकमतीची. नवव्या शतकांत खलीफा मामून ह्याच्या बगदादेंत ‘बैत-उल्-हिक्मत’, म्हणजे ज्ञानमंदिर, भरभराटीस आलें होतें. आज मराठींत ‘मोठा हिकमती गृहस्थ’ म्हटलें कीं ऐकणारा आपला खिसा चांचपूं लागतो.

येथें घडलें तें असें, कीं धातूंतील आवर गेला आणि जोर राहिला. हुक्म निवाड्याचा होता तो नुसत्या आज्ञेचा झाला. हिक्मत ज्ञानाची होती ती क्लृप्तीची झाली. हा दोष मराठीचा म्हणावा, तर संस्कृत ‘युक्ति’ शब्दाचीहि आपण तीच गत केली आहे. तर्कशास्त्रांतून निघालेली युक्ति आज कुलूप उघडण्याच्या कामीं येते. योगापेक्षां रूढि बलवत्तर हें आपल्या शास्त्रकारांनीं ओळखलेंच होतें. म्हणून धात्वर्थाचा धाक घालून कोणाचें मराठी सुधारूं जाणें व्यर्थ आहे.

उलट मराठीची मिळकतहि मोजली पाहिजे. ‘हुकमी’ हें विशेषण पाहा. हुकमाबरोबर धांवतें तें हुकमी. त्यावरून जें कधींच चुकत नाहीं तेंहि हुकमी: हुकमी उपाय, हुकमी नेम. पत्त्यांतला हुकूम तर घरोघर बायकामुलांस ठाऊक आहे. हुकमाच्या जागीं आज्ञा बसवूं म्हणणाऱ्यांनीं ‘आज्ञेचा एक्का’ एकदां टाकून पाहावा. ‘हुकूमशाही’ हा शब्द तर आपलाच. हिंदीनें त्या ठिकाणीं ‘तानाशाही’ पत्करली. आवरणें हा ज्याचा धात्वर्थ, त्याच शब्दानें मराठीनें अनावर सत्तेचें नांव ठेवावें, ह्यांतील विरोध ध्यानांत घेण्यासारखा आहे.

हे संबंध वाचकाला दिसावे कोठें? माधवराव पटवर्धनांचा १९२५ सालचा फार्शी-मराठी कोश हें एकट्या माणसाच्या आवांक्याबाहेरचें वाटावें असें काम. त्याच कोशकारांनीं पुढें भाषाशुद्धीची बाजू घेतली, हेंहि प्रसिद्ध आहे. परंतु कोश म्हटला कीं वर्णानुक्रम आला, आणि त्या क्रमांत हकीम एका पानावर तर हुकूम दुसऱ्या पानावर जाऊन एका घरचीं माणसें एकमेकांस पारखीं होतात. मराठी कोशाला अरबी धातूंचें एक परिशिष्ट जोडावें, प्रत्येक धातूखालीं त्याचें मराठींतील गोत्र द्यावें आणि अर्थ कोठें वळला तें एका ओळींत सांगावें. शुद्धीचा पक्ष घेणाऱ्यास त्यावरून आपण काय टाकीत आहों तें कळेल, आणि ठेवूं म्हणणाऱ्यास आपण काय ठेवीत आहों तेंहि कळेल. मग वाद खुशाल चालूं द्यावा.