सुधाकराचा प्याला आणि सरकारचा कायदा

मद्यपाननिषेधाचा विषय निघाला कीं आमच्याकडे वक्त्यांच्या तोंडीं पहिलें नांव येतें तें कै. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचें. १९१९ च्या फेब्रुवारींत, नाटककाराच्या मृत्यूस महिना लोटतो न लोटतो तोंच, गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास हें नाटक रंगभूमीवर आणलें. आणि तेव्हांपासून दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनीं त्यास आपल्या पक्षाचा हुकमी साक्षीदार मानिलें आहे. या साक्षीदाराची जबानी प्रस्तुत लेखांत जरा बारकाईनें तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. तपासणीअंतीं तो फिर्यादीच्या पक्षास न मिळतां प्रतिपक्षास मिळतो, असें आम्हांस वाटतें. आमचें म्हणणें केवळ दारूपुरतें नाहीं. गांजा, अफू आणि त्यांहून उग्र अशा ज्या ज्या मादक द्रव्यांवर आज फौजदारी कायद्याची बंदी आहे, त्या सर्वांस तें थोड्याफार फरकानें लागू पडतें, हें आरंभींच सांगून ठेवितों.

नाटकाचा नायक सुधाकर हा वकील आहे, ही गोष्ट टीकाकारांनीं पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाहीं. कायदा हें त्याचें पोटापाण्याचें साधन, त्याच्या बुद्धीचें मैदान आणि त्याच्या अभिमानाचें स्थान. भर कोर्टांत मुनसफाकडून त्याचा पाणउतारा होतो, सनद कांहीं काळापुरती जाते, आणि या जखमेवर फुंकर म्हणून कारकून तळीराम त्याच्यापुढें पहिला प्याला ठेवितो. म्हणजे दारू येण्यापूर्वींच दुःख आलेलें आहे. गडकऱ्यांनीं हा क्रम मोठ्या कुशलतेनें लाविला आहे. सुधाकराच्या हातांतून प्याला हिसकावून घेतां आला असता. परंतु ज्या मानी, हळव्या, अपमान गिळतां न येणाऱ्या मनानें तो प्याला उचलला तें मन कोणत्या कलमाखालीं जप्त करावयाचें होतें?

एका प्याल्यास हात लाविला कीं सर्वनाश अटळ, हें नाटकाचें सूत्र म्हणून सांगण्यांत येतें. सुधाकराच्या तोंडीं हा विचार आहेच, आणि व्यसनाच्या पायऱ्यांचें त्यानें केलेलें वर्णन इतकें प्रत्ययकारी आहे कीं प्रेक्षक त्यास नाटककाराचा सिद्धांत समजून घरीं जातो. परंतु पात्राचें बोलणें आणि नाटकाचें सांगणें या दोन निराळ्या गोष्टी होत. याच नाटकांत भगीरथ नांवाचा तरुण आहे. प्रेमभंगानें तो दारूकडे वळला, तळीरामाच्या आर्यमदिरामंडळांत बसला, आणि तरीही तेथून उठून परत माणसांत आला. त्याचें व्यसन कोणत्या बंदीनें सुटलें? रामलालानें त्याचा हात धरिला, त्यास दुसरें कांहीं करण्याजोगें दाखविलें, एवढेंच. उलट सुधाकर शपथ घेऊन दारू सोडतो, नोकरीच्या शोधांत जातो, तेथें त्याच्या कलंकाचीच चर्चा होते, आणि तो पुन्हां प्याल्याकडे फिरतो. भगीरथास दार उघडें सांपडलें, सुधाकरास बंद सांपडलें. ज्या प्याल्यास सर्वशक्तिमान् म्हणून गाजविण्यांत आलें त्याचें सामर्थ्य भोंवतालच्या माणसांवर किती अवलंबून आहे, हें गडकऱ्यांनीं दोन जीवनें शेजारीं शेजारीं ठेवून दाखविलें आहे. आतां दारूचा पेला हातीं घेतला हाच गुन्हा ठरला आणि सुधाकराच्या नांवापुढें तुरुंगाची नोंद झाली, तर त्याचें तें बंद दार उघडेल कीं त्यावर आणखी एक अडसर चढेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

या नाटकांत सरकारचा कायदा प्रत्यक्ष रंगभूमीवर येतो तो एकाच ठिकाणीं, अगदीं शेवटीं. दारूच्या धुंदींत उगारलेल्या काठीनें मूल गेलें आहे, सिंधू मरणोन्मुख आहे, आणि फौजदार जबानी घेण्यास उभा आहे. सिंधू खोटें सांगते. आपण पडलों असें सांगून ती नवऱ्यास वांचविते. या प्रसंगावर प्रेक्षकांनीं पिढ्यान्‌पिढ्या अश्रू ढाळले. पातिव्रत्याची परमावधि म्हणून त्याची स्तुति झाली, आणि अलीकडे त्याच कारणासाठीं त्याची निंदाही होते. दोन्ही बाजूंस बोलण्यास जागा आहे. परंतु फौजदाराच्या बाजूनें हा प्रवेश पाहावा अशी आमची सूचना आहे. कायदा त्या घरांत शिरला तेव्हां करण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें, आणि जिच्यासाठीं तो आला तिनेंच त्यास परत पाठविलें. घरांतील मारहाणीस, पोटच्या पोराच्या हत्येस शिक्षा असलीच पाहिजे, त्याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो पेल्यास शिक्षा करून ही मारहाण टळते या समजुतीविषयीं.

ही समजूत आमच्या प्रांतानें पदरमोड करून अजमावून पाहिली आहे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानें १९३९ च्या ऑगस्टांत मुंबई शहरांत दारूबंदी पुकारली. पुढें १९४९ चा कायदा झाला आणि १९५० पासून सर्व राज्यांत बंदी आली. परिणाम काय झाला तो ज्यांनीं पाहिला त्यांच्या पिढीस हातभट्टी हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. खाडीच्या कडेस भट्ट्या लागल्या, ट्यूबांतून दारू वाहूं लागली, आणि प्रकृतीच्या कारणास्तव दारू अवश्य आहे असें दाखवून परमिट काढण्याचा एक नवाच मार्ग पांढरपेशा वर्गास सांपडला. तळीरामाचें आर्यमदिरामंडळ हें गडकऱ्यांनीं थट्टेसाठीं उभें केलेलें. त्यास गुप्ततेचें वलय आणि भरपूर नफा या दोन्ही देणग्या कायद्यानें बहाल केल्या. १९६० नंतर महाराष्ट्रानें ही बंदी टप्प्याटप्प्यानें सैल केली. परंतु तोच कायदा नांव बदलून आजही पुस्तकांत आहे, आणि त्याच्या अक्षराप्रमाणें पेल्यास ओठ लावणाऱ्या प्रत्येकापाशीं परवाना असावा लागतो. दुकानाच्या फळीवर एका दिवसाचे परवाने फाडून देणाऱ्या या कायद्यावर गडकऱ्यांनीं एक झकास प्रवेश लिहिला असता.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. बंदी उठविणें म्हणजे सरकारास कलाल करणें नव्हे काय? इतिहास आक्षेपकाच्या बाजूस आहे. १८७८ च्या आबकारी कायद्यानें मुंबई इलाख्यांत ताडी-माडी काढण्याचा पिढीजात धंदा सरकारी मुठींत गेला; १८९२ सालीं तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां मोहाचीं फुलें वेंचण्यावरही निर्बंध घालण्यांत आले, कां तर परवान्याच्या दारूचा खप बुडूं नये. १८८० सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्याच्या नगरपालिकेंत दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध तक्रार केली ती याच धोरणास उद्देशून. आणि १९०८ सालीं टिळकांच्या अनुयायांनीं पुण्यांत दुकानांवर पहारे केले तेही याच संतापानें. परंतु या सर्वांत ज्याचा निषेध झाला तो मक्त्याचा आणि महसुलाच्या हांवेचा. हांव आवरण्यास निर्बंध हवेत: दुकानांची संख्या ठरविणें, जाहिरात बंद करणें, वयाची अट पाळणें, मालाची परीक्षा करणें. हे सर्व निर्बंध उघड्या धंद्यासच घालतां येतात. महाराष्ट्रांत गांवच्या किंवा वॉर्डाच्या मतदारांनीं बहुमतानें दारूचें दुकान बंद करविण्याची सोय आहे. आडव्या बाटलीस मत द्यावयास रांगा लावणाऱ्या बायका आपण पाहतों. त्या बायकांविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे, आणि त्यांचा हा हक्क आणखी सुलभ व्हावा असेंच आम्ही म्हणूं. परंतु दुकानास पत्ता असतो म्हणून त्यावर मत देतां येतें. हातभट्टीविरुद्ध कोणत्या पेटींत मत टाकावयाचें?

दुसरा आक्षेप आम्ही स्वतःच पुढें करितों. २००४ सालीं विक्रोळीस आणि २०१५ सालीं मालाडच्या मालवणींत विषारी दारूनें माणसें किड्यामुंग्यांसारखीं मेलीं, तेव्हां मुंबईंत दारूचीं दुकानें उघडीं होतीं. म्हणजे दुकान उघडलें कीं विष संपलें असें नव्हे. गरिबाच्या ऐपतीबाहेर कर चढविला कीं उघड्या दुकानाच्या आड चोरटें दुकान पुन्हां उभें राहतें. तरीही २००९ सालीं अहमदाबादेंत याच प्रकारें शंभरांहून अधिक बळी गेले, आणि गुजराथेंत दारूबंदी राज्याच्या जन्मापासून आहे. चंद्रपुरांत २०१५ सालीं घातलेली बंदी २०२१ सालीं सरकारासच उठवावी लागली. गडचिरोलीच्या बंदीमागें मात्र तेथील लोकांची चळवळ उभी होती, हा भेद लक्षांत घेण्याजोगा आहे.

आतां नाटक बाजूस ठेवून अगदीं निराळ्या जातीच्या एका ग्रंथाकडे वळतों. सरकारी अहवालास वाङ्मय म्हणण्याची आमच्याकडे रीत नाहीं. पण १८९४ सालीं पुरा झालेला हिंदुस्थानांतील गांजा-भांग-चरस चौकशी मंडळाचा अहवाल हा विवेकी गद्याचा एक उत्कृष्ट नमुना आहे. त्याचा उगम मोठा मौजेचा. मद्यपाननिषेधाचे कट्टर पुरस्कर्ते केन यांनीं १८९३ सालीं पार्लमेंटांत बंगालमधील गांजाविषयीं प्रश्न विचारिला, आणि बंदीची तयारी व्हावी या हेतूनें निघालेल्या त्या प्रश्नांतून सात जणांचें मंडळ जन्मास आलें. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. सभासदांत तिघे हिंदी गृहस्थ. त्यांनीं ११९३ साक्षीदारांचें म्हणणें घेतलें. त्यांत अंमलदार, डॉक्टर, वैद्य, शेतकरी, व्यापारी, सर्व तऱ्हेचे लोक होते. तेव्हां आमच्या अहमदनगर जिल्ह्यांत गांजाचें पीक उघडपणें निघत असे, हें आज कित्येकांस खरेंही वाटणार नाहीं.

या अहवालाचा सर्वांत वाचनीय भाग वेड्यांच्या इस्पितळांसंबंधींचा आहे. गांजानें वेड लागतें, आणि त्याचा पुरावा म्हणजे इस्पितळांचीं दप्तरें, असा सार्वत्रिक समज होता. मंडळानें दप्तरें उघडलीं. १८९२ सालीं दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांचें वेड गांजा-भांगेच्या माथीं मारलें होतें. एकेक प्रकरण तपासतां असें दिसून आलें कीं रोगी धाडतांना कागदावर ‘कारण’ म्हणून एक रकाना असे, तो मोकळा ठेवण्याची सोय नसे, आणि रोगी कधीं काळीं गांजा ओढीत होता एवढें कानीं आलें कीं शिपाई किंवा कारकून तेथें गांजा हा शब्द लिहून मोकळा होई. छाननीनंतर २२२ चे ९८ उरले, आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतींत दुसरें कारण जोडीला होतें. ज्या आंकड्यावर लाखों माणसांचें स्वातंत्र्य हिरावून घ्यावयाचें तो आंकडा एका रकान्याच्या सक्तीनें जन्मला होता! मंडळानें निष्कर्ष काढला कीं मित सेवनानें सहसा अपाय होत नाहीं, अतिसेवन घातक आहे, आणि सरसकट बंदी अवश्यही नाहीं व हितावहही नाहीं. परवाने आणि कर यांनीं नियंत्रण करावें. तें परकी सरकारचें मंडळ होतें, आणि महसुलावर त्या सरकारचा डोळा होता, हें आम्ही विसरत नाहीं. पण पुरावा तपासण्याची रीत परकी म्हणून टाकाऊ ठरत नाहीं.

जवळजवळ नव्वद वर्षें कमीअधिक याच धोरणानें कारभार चालला, आणि १९८५ सालीं आमच्याच संसदेनें मादक द्रव्यांचा सध्यांचा कायदा केला. त्याचें कौतुक असें कीं भांगेचें पान त्यांतून वगळलें आहे, आणि त्याच झाडाचा फुलोरा जवळ बाळगला तर तुरुंग. एक किलोपर्यंत गांजा असेल तर वर्षापर्यंत कैद. वीस किलोंपुढें दहा वर्षांच्या खालीं शिक्षा देतांच येत नाहीं. तळीराम अशा वेळीं हातीं लागत नाहीं. हातीं लागतो तो ओझें वाहणारा.

हेरॉइनसारख्या द्रव्याचें दुकान चौकांत मांडावें असें आम्ही म्हणत नाहीं. मोकळीक याचा अर्थ प्रत्येक द्रव्यास एकच नियम असा नव्हे. स्वित्झर्लंडांत १९९४ पासून कठीण रोग्यांस डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हेरॉइन देण्यांत येतें, आणि २००८ सालीं तेथील जनतेनें मतदान करून ही व्यवस्था कायम केली. पोर्तुगालनें २००१ पासून स्वतःपुरतें द्रव्य बाळगणें हा फौजदारी गुन्हा मानणें सोडलें व रोग्यास उपचारांकडे वळविण्यासाठीं मंडळें नेमलीं. अमेरिकेंतील ओरेगॉननें शिक्षा काढली, उपचारांची सिद्धता मात्र वेळेवर केली नाहीं. २०२४ सालीं त्या राज्यास पाऊल मागें घ्यावें लागलें. रामलालावांचून भगीरथ होत नाहीं, हें त्यांच्या ध्यानीं उशिरां आलें.

रामलालाचें नांव निघालें म्हणून शेवटीं नाट्यप्रयोगाविषयीं दोन शब्द. भगीरथाचे प्रवेश पाल्हाळिक आहेत. रामलालाचीं भाषणें उपदेशाकडे झुकतात, आणि सुधाकराच्या स्वगतांतील आग त्यांत नाहीं, हें कबूल केलेंच पाहिजे. तळीरामाच्या विनोदापुढें तर तीं फिकींच पडतात. प्रयोग आटोपशीर करूं पाहणाऱ्या दिग्दर्शकाची कात्री साहजिकच तेथें वळणार. ती सिंधूच्या एखाद्या पदावर चालवावी, चौथ्या-पांचव्या अंकांतील आक्रोशावर चालवावी. परंतु भगीरथ दारू सोडून काम करूं लागतो तो भाग नटांनीं घाईनें उरकूं नये आणि प्रेक्षकांनीं त्या वेळीं चहास उठूं नये.