विक्रम-वेताळाचं चित्र आणि आपलं ‘अप्रतिम!’

खांद्यावर प्रेत, हातात तलवार, भोवती स्मशान. ‘चांदोबा’तल्या विक्रम-वेताळाचं हे चित्र तुमच्याही व्हॉट्सॲपवर कधी ना कधी आलंच असेल. ते काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, सप्टेंबर 2020 मध्ये गेले, तेव्हा तर ते सगळीकडे फिरलं. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या. ‘अप्रतिम!’, ‘आपल्या सगळ्यांचं बालपण!’ पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्याला इथे लगेच विषय दिसतो: समाजमाध्यमं आणि स्मरणरंजन. स्क्रीनशॉट जमवायचे, प्रतिक्रिया मोजायच्या, झाला प्रबंध. जरा थांबा.

प्रतिक्रिया हा पुरावा असतो हे खरं, पण कशाचा? चित्र बघून माणसाला काय आठवलं, आणि ते चारचौघांत कसं सांगावंसं वाटलं, याचा. चित्रात काय आहे ते त्यातून कळत नाही. प्रस्तावात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. हजार लोकांना आवडलं, म्हणून चित्र थोर, असं लिहून आपण मोकळे होतो.

म्हणून आधी चित्र परत त्याच्या पानावर नेऊ. मद्रासहून निघणारं हे मासिक 1947 साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, मराठी ‘चांदोबा’ 1952 मध्ये आला. भाषा बदलली तरी चित्रं बहुतेक तीच असायची. विक्रम-वेताळाचं हे चित्र गोष्टीच्या सुरुवातीला यायचं, महिन्यामागून महिने. खालची गोष्ट दर वेळी नवी, वरचा राजा तोच. राजा झाडावरून प्रेत उतरवणार, वेताळ गोष्ट सांगून प्रश्न विचारणार, उत्तर देताना राजाचं मौन सुटणार आणि वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर जाणार. संस्कृतातल्या वेताळकथा पंचवीस, आणि त्यांना शेवट आहे. मासिकाने मात्र नव्या गोष्टी रचत ही फेरी चालूच ठेवली. त्यामुळे हे चित्र एका प्रसंगाचं म्हणून बघू नका. ते अख्ख्या फेरीचं आहे. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते राजाचं चालणं. खांद्यावर एवढं ओझं, तरी तो खचलेला दिसत नाही. पुढच्या महिन्यात त्याला परत इथूनच निघायचंय, हे वाचणाऱ्याला माहीत असायचं. मोबाइलवर चित्र सुटं येतं. फेरी गेली की उरतो नुसता एक भयाण, देखणा देखावा.

कापाकापीत आणखी एक गोष्ट जाते, चित्रकाराचं नाव. शंकर यांना 2021 मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. पण तुमच्या ग्रुपमध्ये विचारून बघा: चित्र ओळखणारे किती आणि नाव सांगणारे किती.

आता ‘आपल्या सगळ्यांचं’ या शब्दाकडे येते. मी हे खांडबाऱ्यात बसून लिहितेय, आणि तो शब्द मला टोचतो. इथे घराघरांत मावची, कोकणी, अहिराणी, गुजराती बोलली जाते. पुस्तकी मराठी शाळेत गेल्यावर भेटते. या चित्रात वस्तीबाहेरची जागा म्हणजे भूतप्रेतांची जागा. आमच्या नवापूर तालुक्यात वस्तीबाहेर काय असतं? मोहाची फुलं वेचायला जायचं रान, सागाची पानं, चुलीचं जळण. तिथेही भीती असतेच, नाही असं नाही, पण ते रोजच्या पोटापाण्याचं ठिकाण आहे. बरं, वेताळ तरी सगळ्यांसाठी काल्पनिक पात्र कुठे आहे? गोव्यात बेताळ ग्रामदेवता आहे, पुण्यात वेताळ टेकडीवर त्याचं देऊळ आहे. एकाची अद्भुतकथा ती दुसऱ्याची पूजा.

यात शंकर यांना दोष देण्यासारखं काही नाही. त्यांनी कथेतलं स्मशान काढलं, आणि काय ताकदीने काढलं! प्रश्न आपल्या कौतुकाला विचारायचाय. ‘सगळे’ म्हणताना आपण कुणाकुणाला धरलं? मासिक विकत घेऊ शकणारं घर, त्यात मराठी वाचणारं मूल, आणि आज स्मार्टफोनवर ती आठवण लिहिणारा माणूस. तुमच्या नमुन्यात आपोआप एवढेच लोक येणार. प्रतिक्रिया पाचशे घ्या नाहीतर पाच हजार, ही चाळणी तीच राहते. मार्गदर्शकांनी याबद्दल विचारायच्या आधी तुम्हीच ते प्रस्तावात लिहा.

आणि एक काम लगेच करता येईल. ‘चांदोबा’चा जुना छापील अंक मिळवा. त्यातलं हे चित्र, ज्यांनी ते मासिक कधी वाचलं नाही अशा गावातल्या पाच-सहा माणसांना दाखवा. विक्रमाचं नाव घेऊ नका. ‘इथे काय चाललंय?’ एवढंच विचारा आणि उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या, लगेच प्रमाण मराठीत आणू नका.